बारा नावं, एक बोट

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार

एकतीस ऑक्टोबरला मी निवृत्त होणार. निरोप समारंभात दोन-चार जण उठतील, "शेषरावभाऊंनी मोलाची सेवा केली" म्हणतील, शाल गुंडाळतील आणि समोशांवर तुटून पडतील. मोलाची म्हणजे नेमकी काय, हे त्यांच्यातल्या एकाला जरी विचारलं तरी घाम फुटेल. म्हणून आपलं आपणच लिहून ठेवायचं ठरवलं. औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडली होती, तिचंही सार्थक होईल.

तर नोंद असावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ, बत्तीस वर्षं. तपासलेल्या रक्ताच्या काचा लाखाच्या वर. त्यात हिवतापाचा जंतू माझ्या नजरेतून सुटला, असं एकदाही झालं नाही. डॉक्टर अकरा आले आणि गेले. सध्याच्या डॉ. रत्नमाला मॅडम माझ्या लेकीपेक्षा, सरितापेक्षा, दोन वर्षांनी लहान आहेत. आरोग्य सेवकाची जागा चार वर्षांपासून रिकामी, त्यामुळे गावोगाव फिरून रक्त काढायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं आहे.

मागच्या आठवड्यात सरिताकडून परत आलो. ती गडचिरोलीच्या जंगलात आश्रमशाळेवर शिक्षिका आहे. आठ दिवस राहिलो. डास असे की माणसाला खाटेसकट उचलून नेतील. तिने मच्छरदाणी काढून दिली. मी म्हटलं, "बाई, मी हिवतापवाला माणूस. डास मले ओळखतात." ती हसली नाही. नोकरी लागल्यापासून हिचं हसणं कमीच झालंय.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज एक संशोधिका उगवली. नाव सुकेशनी. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेतून आली आहे, पण मूळची रिसोडकडची, म्हणजे आपलीच. सोबत एक डबा आणि डब्यात टिपकागदासारखे जाड कागदाचे तुकडे. त्यावर माणसाच्या बोटातलं रक्त टिपायचं, वाळवायचं आणि तिच्याकडे द्यायचं. चाळीस माणसं हवी आहेत. अठ्ठावीस आमच्या खालच्या गावांतली, बारा वरच्या तांड्यावरची. सोबत प्रत्येकाची एक काचही, ती मी तपासायची.

"मंग तू काय तपासशीन?" मी विचारलं.

"काका, तुमी जंतू पाह्यता. आमी त्याचा अंगरखा पाह्यतो."

मग तिने मला बसवून शिकवलं. मला! हिवतापाच्या जंतूच्या अंगावर म्हणे एक प्रथिन असतं. आपल्या रक्तातले शिपाई त्या प्रथिनावरूनच जंतू ओळखतात. जो अंगरखा गावातल्या सगळ्यांच्या रक्ताने एकदा पाहिलाय, तो घालून आलेला जंतू लवकर मारला जातो. ज्याचा अंगरखा नवा, तो सुटतो आणि वाढतो. त्याचा जुना झाला की आणखी कुणाचा तरी नवा निघतो. शिवाय डासाच्या पोटात दोन जातींची लग्नं लागतात आणि पोरांचे अंगरखे तिसरेच निघतात. असं हजारो वर्षं चाललंय, म्हणून त्या प्रथिनाच्या जनुकाच्या शेकडो तऱ्हा आहेत.

"एका गावातल्या दोन पेशंटचेही जुळत नाई बहुतेक वेळा," ती म्हणाली. "म्हणून तर लस बनवनं इतकं अवघड हाय."

बत्तीस वर्षांत मला सगळे जंतू सारखेच दिसले. कपडेच पाहायचे होते तर शिवणक्लास काय वाईट होता, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरगी आदराने काका म्हणाली, तेव्हा गिळून टाकलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी तीनच्या सुमारास अचानक हुडहुडी भरली. बायकोने, लिलाने, दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. तासाभराने अंगाची भट्टी, मग घामाने बनियन पिळून निघालं. परवा शेजारच्या आश्रूभाऊंच्या घरी तर्रीदार आलूवांगं जरा जास्त झालं होतं. पित्त.

११ ऑगस्ट, रविवार

काल ठणठणीत होतो, सायकलवर जऊळक्याला जाऊन आलो. आज पुन्हा तीन वाजता तेच. पित्ताची गोळी घेतली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज पुन्हा. लिला डोक्यावर पट्ट्या ठेवता ठेवता म्हणाली, "एक दिवस आड करून येऊन राह्यला हा ताप. अन् घड्याळ लावून येते. एखांदी काच स्वतःची पाहून घ्या ना."

चौथी पास बाई, आणि मला हिवताप शिकवते. तिला सांगितलं, हिवताप उघड्यावर झोपणाऱ्यांना होतो, क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांना नाही. ती म्हणाली, "सरिताच्या इथं कुठं क्वार्टर होतं?" बायकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

२० ऑगस्ट, मंगळवार

अठ्ठावीस झाले. आज उरलेल्या बारांसाठी वरच्या तांड्यावर गेलो. चढ असा की जीव तोंडात यावा, अलीकडे दमही फार लागतो. वर पोचलो तर सगळीकडे पोरींचा गलका. तिजेचे दिवस. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि गोकुळाष्टमी झाली की वाजतगाजत बोळवतात.

धनीबाई ही तिथली जुनी बाई. नवरा गेला, मुलगा बादल आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जातात. तांड्यावर हिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. मी टोचणी काढली तशी ती आडवी आली.

"आज नाई भाऊ. तीज बसली हाय. पोरी उपाशी राहून पानी घालून राह्यल्या, अन् तुमी तिथंच रक्त काढता?"

"एक थेंब काढतो वं. काय नदी वाहणार हाय का?"

"थेंब काय अन् घागर काय. पुढच्या मंगळवारी बोळवन हाय. बुधवारी या, बाराच्या जागी वीस जनं बसवून देतो रांगेनं."

गव्हाच्या रोपांना रक्ताची दृष्ट लागते म्हणे. काय बोलणार? सुकेशनी शुक्रवारी नागपूरला परत जाते आहे, आणि तिच्यासमोर "गुरुवारपर्यंत चाळीस पुरे" अशी फुशारकी मीच मारून ठेवली होती. आणि त्या चढावर मी पुन्हा जाणार? अठ्ठावन्नाव्या वर्षी? गहू उगवायची वाट पाहत?

२२ ऑगस्ट, गुरुवार

चाळीस पुरे झाले. आपला हात जगन्नाथ.

यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. नोकरीला लागलो तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं: काचांचा आकडा भरला नाही तर एका बोटातून दहा काचा काढायच्या, नावं यादीतून लिहायची. त्याने कधी कुणाचं काही वाकडं झालं नाही. आज दार लावून डाव्या हाताची तीन बोटं टोचली आणि बारा कागद, बारा काचा भरल्या. नावं तांड्याच्या कुटुंब यादीतून उतरवली. धनीबाईचं आणि बादलचंही टाकलं. नको म्हणत होती ना, घे.

काचा रंगवून पेटीत ठेवल्या आणि रजिस्टरला बाराही निगेटिव्ह लिहिल्या. माझंच रक्त, त्यात काय पाहायचं? सुकेशनी म्हणाली, "काका, तुमच्यासारखे लोक असते तर माझी पीएचडी दोन वर्षांआधीच झाली असती." खरंच आहे ते.

संध्याकाळी लिला म्हणाली, "बोटाईले काय झालं?" म्हटलं, पिना टोचल्या.

४ सप्टेंबर, बुधवार

पोळा झाला. लिलाने गुळवेलाचा काढा पाजला आणि आठ दिवसांपासून ताप नाही. पित्तच होतं, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज सुकेशनीचा फोन. 

"काका, खालच्या गावांचे तीन पॉझिटिव्ह निघाले. तिघांचे अंगरखे तीन तऱ्हेचे. पन तांड्याचे बाराच्या बारा पॉझिटिव्ह हायेत, अन् बाराईचा अंगरखा एकच! अक्षरा-अक्षराले सारखा. मले वाटलं, माझ्याच हातून नमुने एकमेकांत मिसळले. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. तेच आलं."

मी म्हटलं, "यंत्र बिघडलं असंन."

"यंत्र ठीक हाय. अन् एक गोष्ट. हाच अंगरखा आमच्या गडचिरोलीच्या नमुन्यात सापडते. तांड्यावरचं कोनी इतक्यात गडचिरोलीले गेलं होतं का?"

"ते ऊस तोडायले खाली जातात. गडचिरोलीले कायले जातीन? पन त्या लोकायचा काही भरोसा नाई. विचारलं तर खरं थोडीच सांगतात?"

फोन ठेवला. म्हणे अक्षरा-अक्षराला सारखा. नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि गोंधळ झाला की तांड्याकडे बोट दाखवायचं. निरोगी रक्तातून जंतू काढणारं यंत्र आहे हे. प्रदर्शनात ठेवायला हवं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

यंत्र किती खोटं आहे ते पाहावं म्हणून पेटीतली पहिली काच काढली. तेलाचा थेंब टाकला.

दुसऱ्याच जागी जंतू दिसला. फुगलेली तांबडी पेशी, आत अंगठी, भोवती बारीक ठिपके. शिकाऊ पोरालाही समजावं इतका ठळक. दुसरी काच पाहिली, तिसरी पाहिली. बाराही पाहिल्या. वर धनीबाई लिहिलंय, बादल लिहिलंय, किशन लिहिलंय आणि खाली मी आहे.

एकही हुकला नाही म्हणे! एका दमात बारा हुकवले, आणि तेही स्वतःचे. चौथी पास बाईला तापाची तऱ्हा कळली, मला कळली नाही.

काचा पेटीत परत ठेवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. सत्तावीस दिवस राहिलेत. तांड्यावरच्यांना चार गोळ्या जास्त जातील, एवढंच. गोळ्यांनी कुणी मेलंय का?

७ ऑक्टोबर, सोमवार

सुकेशनीचा अहवाल मॅडमकडे आला आणि केंद्र हादरलं. "शेषरावभाऊ, बारापैकी एकही काच तुम्हाला पॉझिटिव्ह दिसली नाही?" मी म्हटलं, डोळ्याला मोतीबिंदू सुरू झालाय. मॅडमना दया आली. मला त्यांची दया नको होती, पण त्या वेळी चालून गेली.

आज आम्ही दोघं तांड्यावर गेलो आणि बाराही जणांच्या ताज्या चाचण्या केल्या. सगळ्या निगेटिव्ह. मी मनातल्या मनात नारळ फोडला. पण मॅडम तांड्याच्या पारावर उभ्या राहून सांगू लागल्या, "आता रक्तात नाही म्हणजे गेला असं नाही. हा जंतू यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो. पहिले तीन दिवस जास्तीच्या गोळ्या आणि यकृतासाठी रोज एक अशा चौदा दिवसांच्या गोळ्या प्रत्येकाने घ्यायच्याच."

बरोबरच बोलत होत्या. एक शब्द चुकीचा नव्हता, फक्त माणसं चुकीची होती.

धनीबाई म्हणाली, "पन आमचं रक्त काढलं कवा?"

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "तिजेच्या गडबडीत ध्यानात नसंन राह्यलं तुह्या." तिने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग बादलला म्हणाली, "डाक्टरीनबाई एवढ्या चढून आल्या. घे बावा गोळ्या. दिवाळीनंतर उसावर जायचं हाय, तिथं ताप आला तर मुकादम गाडीतून उतरवून देईन."

उद्यापासून सुरू.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

केंद्राला सुट्टी. मॅडम गावी. सकाळी धनीबाई क्वार्टरच्या दारात. मला वाटलं सोनं द्यायला आली. तिच्या हातात थंड पेयाची बाटली होती, आत कोऱ्या चहासारखं काळपट काहीतरी.

"बादलची लघवी हाय. कालपासून अशी होते. डोये पिवये झाले. उठलं की गरगरते म्हनते. भाऊ, गोळ्या बंद करू का?"

काही जणांच्या रक्ताला ही चौदा दिवसांची गोळी जन्मतःच सोसत नाही. तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळी होते. हे मला माहीत आहे, वीस वर्षांपासून माहीत आहे. बंद कर म्हटलं असतं तर ती मॅडमकडे गेली असती. मॅडमनी विचारलं असतं, सुकेशनीने विचारलं असतं, आणि सुतावरून स्वर्ग गाठला असता त्यांनी.

मी म्हटलं, "उष्ण पडल्या असतीन. ताक पाज. गोळी सोडू नको."

"तुमी म्हनता तर," म्हणाली आणि बाटली घेऊन चढ चढू लागली.

लिलाने पुरणपोळी वाढली. दोन घास खाल्ले.  मला माझीच किळस येते आहे, हे लिहिल्याशिवाय हात पुढे चालेना.

१३ ऑक्टोबर, रविवार

उजाडताच तांड्यावर गेलो. बादल ओट्यावर पडलेला, हळद फासल्यासारखा. कालचीही गोळी त्याने घेतली होती. माझ्या शब्दावर. जीप बोलावली, त्याला घातलं, धनीबाई आणि यादीतल्या बारांपैकीच एक पोरगा, किशन, सोबत. वाटेतून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बादलच्या गोळ्या ताबडतोब बंद. पण बाकी अकरा जणांच्या सुरू राहू द्या, त्यांच्या यकृतात जंतू आहे." मी हो म्हटलं. तेव्हाही हो म्हटलं.

वाशिमच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर निम्मंही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज दोन पिशव्या चढवायच्या, गट बी पॉझिटिव्ह, शिल्लक एकच आहे. किशनचा गट जुळत होता. पोरगं बाही वर करून बसलंही. पण रक्तपेढीतल्या बाईंनी त्याच्या खिशातलं उपचाराचं कार्ड पाहिलं. कार्डावर माझं अक्षर. "हिवतापाचा पेशंट? चालणार नाही."

किशन म्हणाला, "मले तर ताप आलाच नाई कधी."

"कार्डावर तर लिहिलंय ना," बाई म्हणाल्या.

माझाही गट बी पॉझिटिव्ह. कसं कोण जाणे, मी पुढे झालो. सरकारी माणूस, स्वच्छ शर्ट, कुठल्याच यादीत नाव नाही. धनीबाई तिथल्या तिथे माझ्या पायांवर वाकली. मी मागे सरकलो तरी तिचा हात माझ्या चपलेला लागला. तिच्यामागे बादल खाटेवर, डोळे मिटलेले.

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि वाचत गेल्या. कावीळ? नाही. साखर? नाही. "गेल्या तीन महिन्यांत हिवताप झाला होता का?"

एक "नाही" म्हणायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावापुढे बेधडक लिहीत आलो, तेच. या वेळी मात्र ते बादलच्या नसेत गेलं असतं.

"झाला होता," मी म्हटलं. "अजूनही हाय. या पोराचं कार्ड खोटं हाय. बाराच्या बारा खोटे. ते रक्त माह्यं होतं."

बाईंना कळलं नाही. डॉक्टरांना बोलावलं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, तीज, बोटं, काचा, बाटली. तिथूनच मॅडमना फोन लावला आणि अकराही जणांच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या.  मॅडम एवढंच म्हणाल्या, "लेखी द्या." सुकेशनीलाही लावला. ती रडली का चिडली समजलं नाही, फोन कट झाला. डॉक्टरांनी किशनची पुन्हा चाचणी केली, ती निगेटिव्ह आली, आणि पोराला आत घेतलं. दुपारी बादलला पहिली पिशवी लागली. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, पण किडन्यांवर लक्ष ठेवावं लागेल. यंदा उसावर जाणं विसरा.

धनीबाई बाकावर बसून होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिनेच विचारलं.

"म्हंजे माह्या बादलले ताप नव्हताच?"

"नव्हता."

"किशनले? बाकीच्यायले?"

"कोनालेच नव्हता. मले होता."

ती मला शिव्या देईल, दोन थोबाडीत ठेवून देईल, असं वाटत होतं. ठेवली असती तर बरं झालं असतं. ती विचार करत होती, हिशेब लागत नसल्यासारखी. मग म्हणाली,

"मंग तुमी घेतल्या का गोळ्या?"

 घेतल्या नव्हत्या. चार तारखेला काच पाहिली, नऊ दिवस झाले, आणि एकदाही मनात आलं नव्हतं. बारा धडधाकट माणसं रोज माझ्या तापाची गोळी गिळत होती, आणि मी गोळ्या वाटत होतो.

"नाई," मी म्हटलं.

तिने कमरेची थैली सोडली. आतून बादलचं गोळ्यांचं पाकीट काढलं, उलटं करून पाहिलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"घ्या. ह्या तुमच्याच हायेत."

मग ती उठून बादलच्या खाटेकडे गेली. पाकिटात नऊ उरल्या होत्या.